व्हेपमधील रिचार्जेबल सेलची कामगिरी कशी तपासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेष्टनावर क्षमता आणि अँपिअर छापलेले असताना वेगळी चाचणी कशासाठी करायची?

कारण ते आकडे कोणत्या परिस्थितीत मोजले, हे वेष्टनावर लिहिलेले नसते, आणि परिस्थिती ठाऊक नसेल तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. सॅमसंगच्या २५आर या प्रसिद्ध सेलचे उदाहरण घेऊ. त्याची २५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे बोलण्यातली ‘एमएएच’, ही क्षमता अर्ध्या अँपिअरच्या हलक्या भारावर, सुमारे पाच तासांत सेल २.५ व्होल्टपर्यंत उतरवून मोजलेली असते. व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, हाच सेल १० ते २० अँपिअर देतो, आणि बरीच उपकरणे भाराखाली व्होल्टेज ३ ते ३.२ पर्यंत घसरले की ‘बॅटरी संपली’ असे दाखवून थांबतात. म्हणजे छापील क्षमतेतला काही भाग वापरणाऱ्याच्या हाती कधी येतच नाही. तो भाग किती, हे प्रत्येक सेलच्या बाबतीत वेगळे असते आणि मोजल्याखेरीज कळत नाही.

दुसरे कारण बाजाराचे आहे. या प्रकारचे दर्जेदार सेल जगात मोजक्याच कंपन्या तयार करतात, उदाहरणार्थ सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मोलिसेल आणि मुराटा, जिने २०१७ मध्ये सोनीचा बॅटरी व्यवसाय विकत घेतला. व्हेपच्या दुकानांत दिसणारे इतर अनेक ब्रँड सेल बनवत नाहीत. ते दुसऱ्याचे सेल घेऊन त्यावर आपले वेष्टन चढवतात. यात मुळात काही गैर नाही. मात्र त्या वेष्टनावर मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा कितीतरी मोठा अँपिअरचा आकडा छापला जातो, आणि तेव्हा सेल प्रत्यक्ष लोडवर लावून पाहणे हाच खरेखोटे कळण्याचा मार्ग उरतो.

१८६५०, २१७०० आणि आयएनआर, आयएमआर या खुणांचा अर्थ काय?

पहिले दोन अंक व्यासाचे आणि पुढचे लांबीचे, दोन्ही मिलिमीटरमध्ये. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, तर २१७०० म्हणजे २१ आणि ७०. अक्षरे रसायन सांगतात. आयएमआर म्हणजे मँगनीजवर आधारलेला, आयएनआर म्हणजे निकेलयुक्त आणि आयसीआर म्हणजे कोबाल्टचा सेल. शेवटचा ‘आर’ गोल आकाराचा. जुने आयसीआर सेल व्हेपसाठी नकोत असा सल्ला पूर्वीपासून दिला जातो आणि तो योग्य आहे. मात्र नुसती आयएनआर ही अक्षरे पाहून सेल निर्धोक समजू नये. सेल किती प्रवाह सोसू शकतो, ते अक्षरांवरून ठरत नाही.

‘अखंड प्रवाह मर्यादा’ नेमकी कशी ठरते? पल्सचा आकडा का धरू नये?

पूर्ण चार्ज झालेला सेल एका दमात रिकामा होईपर्यंत जास्तीत जास्त किती अँपिअरने चालवता येईल, ज्यात त्याचे तापमान उत्पादकाच्या मर्यादेत राहील आणि आयुष्यही कागदावर कबूल केल्याइतके टिकेल, तो आकडा म्हणजे अखंड प्रवाह मर्यादा. इथेही अट महत्त्वाची असते. सोनीच्या व्हीटीसी६ या ३००० एमएएचच्या सेलबद्दल १५ अँपिअर आणि ३० अँपिअर असे दोन्ही आकडे वाचायला मिळतात, आणि दोन्ही खरे आहेत. १५ ही बिनशर्त अखंड मर्यादा आहे. ३० अँपिअर तेव्हाच चालतात, जेव्हा सेल ८० अंश सेल्सिअसला पोहोचताच प्रवाह तोडणारी व्यवस्था उपकरणात असते. व्हेप उपकरणात सेलच्या अंगाला टेकलेला तापमापक सहसा नसतो, त्यामुळे व्हेपसाठी तो सेल १५ अँपिअरचाच धरला पाहिजे. विक्रेते मात्र ३० छापतात.

पल्स म्हणजे काही सेकंदांपुरताच ओढलेला प्रवाह, आणि त्याच्या मर्यादेला तर सर्वमान्य व्याख्याच नाही. पल्स किती सेकंदांचा, मध्ये विश्रांती किती, कोणत्या तापमानाला थांबायचे, हे प्रत्येक जण आपापले ठरवतो, आणि त्यामुळे दोन सेलचे पल्सचे आकडे शेजारी ठेवून काही ताडता येत नाही. ‘मी तर चार-पाच सेकंदच बटण दाबतो, मग अखंड मर्यादा कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. बटण अडकते, खिशात दाबले जाते, सर्किटमधला ट्रान्झिस्टर जळून कायमचा चालू राहतो, आणि त्या क्षणी पल्सचा भार अखंड भार होऊन बसतो. सेल निवडायचा तो त्या क्षणासाठी. या एका मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

माझ्या उपकरणाला किती अँपिअर लागतात ते कसे काढू?

मॉड म्हणजे सेल बसवायचे व्हेपचे उपकरण, आणि कॉइल म्हणजे त्यातली द्रव तापवून वाफ करणारी तार. सर्किट बोर्ड नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये ४.२ व्होल्टला कॉइलच्या ओहमने भागावे. ०.५ ओहमची कॉइल ८.४ अँपिअर घेते, ०.१५ ओहमची थेट २८. या दुसऱ्या कॉइलसाठी १८६५० आकारात बाजारातले बहुतेक सेल अपुरे पडतात.

सर्किट बोर्ड असलेल्या नियंत्रित मॉडमध्ये कॉइलचा रोध धरून चालत नाही, वॅट धरावे लागतात. उपकरण ठरलेले वॅट पुरवत राहते, त्यामुळे सेल उतरत जातो तसा प्रवाह वाढत जातो आणि सर्वांत मोठा प्रवाह अगदी शेवटी येतो. म्हणून वॅटला उपकरणाच्या कट-ऑफ व्होल्टेजने आणि कार्यक्षमतेने भागावे. एका सेलवर ६० वॅट, कट-ऑफ ३.२ व्होल्ट, कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास सुमारे २१ अँपिअर येतात. दोन सेलच्या मॉडमध्ये १०० वॅटला प्रत्येक सेलमधून सुमारे साडेसतरा अँपिअर जातात. सेल चार्ज असताना उपकरण व्यवस्थित चालते आणि उतरल्यावर तापते, अशी तक्रार येते तिचे एक कारण इथे सापडते.

प्रत्यक्ष चाचणी कशी करतात?

मुख्य साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक लोड, जो सेलचे व्होल्टेज कितीही घसरले तरी ठरवलेला प्रवाह स्थिर ठेवून ओढत राहतो. त्याला व्होल्टेज, वेळ आणि तापमान सतत नोंदवणारी व्यवस्था जोडलेली असते.

सेल आधी उत्पादकाच्या कागदाप्रमाणे चार्ज करतात: स्थिर प्रवाहाने ४.२ व्होल्टपर्यंत, आणि नंतर व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह १०० ते १२५ मिलिअँपिअरपर्यंत उतरेपर्यंत. हा शेवटचा टप्पा अर्धवट सोडला तर क्षमता कमी भरते आणि दोष विनाकारण सेलवर जातो. त्यानंतर सेलला अर्धा ते एक तास विसावा देतात, कारण चार्ज होऊन नुकताच काढलेला सेल आतून अजून स्थिरावलेला नसतो आणि थोडा कोमटही असतो.

सेल होल्डरमध्ये बसवताना खरी कसोटी लागते. २० अँपिअरला संपर्काच्या जागी ५ मिलिओहम रोध असेल तर तिथेच ०.१ व्होल्ट खर्च होतो, दोन वॅटची उष्णता तयार होते आणि ती सेलच्या टोकातून आत शिरते. स्प्रिंगचे स्वस्त होल्डर म्हणूनच निरुपयोगी ठरतात. तांब्या-पितळेचे जाड, घट्ट दाबणारे संपर्क लागतात. शिवाय व्होल्टेज मोजायच्या तारा प्रवाहाच्या तारांपासून वेगळ्या, थेट सेलच्या टोकांवर टेकवाव्या लागतात. या चार तारांच्या पद्धतीशिवाय घेतलेले जास्त प्रवाहाचे आलेख मी विचारात घेत नाही. तापमापकाचे टोक सेलच्या मधोमध, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने वेष्टनाला चिकटवतात. टोकांकडचे तापमान होल्डरमुळे बिघडलेले असते.

मग एकेक पायरी चढत जायचे: आधी अर्धा किंवा एक अँपिअर, मग ५, १०, १५, २० आणि पुढे. प्रत्येक पायरीला सेल नव्याने पूर्ण चार्ज करायचा, खोलीचे तापमान शक्यतो तेच ठेवायचे, आणि व्होल्टेज २.८ किंवा २.५ पर्यंत आले की थांबायचे. एका नमुन्यावर भागत नाही. निदान दोन सेल, शक्य असल्यास वेगवेगळ्या खरेदीतले, तपासावेत. त्यांच्या निकालांत मोठी तफावत आली तर ती तफावतसुद्धा निकालच असतो, कारण चांगल्या कारखान्यातले सेल एकमेकांना फार जवळचे असतात.

आलेखात काय पाहायचे?

सर्वांत आधी भार लागताच व्होल्टेज किती खाली येते ते. गावाकडे विहिरीची मोटर सुरू होताच घरातला दिवा मंदावतो, तशी ही घसरण असते आणि तिचे मूळ सेलच्या अंतर्गत रोधात असते. रोध २० मिलिओहम असेल तर २० अँपिअरला ०.४ व्होल्ट जागच्या जागी गळतात. हरवलेले ते ८ वॅट सेलच्या आत उष्णता होऊन बसतात. प्रवाह ३० अँपिअर केला की उष्णता १८ वॅट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट प्रवाहाला सव्वादोनपट उष्णता, हे गणित ध्यानात ठेवले की छापील मर्यादेपलीकडचे ‘आणखी पाचच अँपिअर’ किती महागात पडतात ते समजते.

दुसरे म्हणजे, एमएएच पाहण्याऐवजी वॅट-तास पाहावेत, आणि तेही आपल्या उपकरणाच्या कट-ऑफ व्होल्टेजपर्यंतचे. ३००० एमएएचचा सेल हलक्या भारावर २५०० वाल्याच्या पुढेच असतो. भार वाढवत नेला की रोध जास्त असलेल्या सेलचे व्होल्टेज लवकर घसरते, तो ३.२ ला आधी पोहोचतो आणि कागदावरची आघाडी कमी होत जाते. जास्त वॅट वापरणाऱ्याने मोठ्या एमएएचच्या मागे धावू नये, असे मी म्हणतो ते याच आलेखांच्या आधारावर. एकाच आकाराच्या डब्यात क्षमता वाढवायची तर इलेक्ट्रोडवरचा लेप जाड करावा लागतो, आणि लेप जाड झाला की प्रवाह देण्याची ताकद घटते. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर २१७०० आकाराकडे वळावे. मोलिसेलचा पी४२ए हा ४२०० एमएएचचा सेल ४५ अँपिअरपर्यंत चालतो, असे उत्पादक सांगतो.

तापमान किती झाले की चाचणी थांबवावी?

उत्पादकाने दिलेली पृष्ठभागाच्या तापमानाची मर्यादा आली की. २५आरसाठी ती ७५ अंश आहे. बाहेर ७५ म्हणजे गाभ्यात त्याहून जास्त, हे विसरू नये. २० अँपिअरने चालवलेला २५आर साधारण साडेसात मिनिटांत रिकामा होतो आणि शेवटच्या मिनिटांत तापमान सर्वांत झपाट्याने चढते, म्हणून मापकावरची नजर तेव्हाच हलवायची नसते. सेल हाताला गरम लागतो की नाही, ही कसोटी नव्हे.

चार्जरच्या पडद्यावर क्षमता आणि अंतर्गत रोध दिसतो. तेवढे पुरे नाही का?

क्षमतेसाठी बऱ्यापैकी पुरे. असे चार्जर अर्ध्या अँपिअरच्या आसपास सेल उतरवतात, त्यामुळे नवा सेल छापील आकड्याच्या जवळ आहे का आणि जुना किती घसरला आहे, हे त्यातून कळते. जास्त प्रवाहाला तो कसा वागेल, ते कळत नाही.

रोधाच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहावे. चार्जरची स्प्रिंग, सेल कसा बसला आणि टोकावर बोटाचा तेलकटपणा आहे का, यावर तो बदलतो. तोच सेल काढून पुन्हा बसवला तरी ३० चा ४५ होऊ शकतो. शिवाय कागदावरचा आकडा बहुधा एक किलोहर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने मोजलेला असतो, आणि तो एकदिश प्रवाहाने मोजलेल्या रोधापेक्षा कमीच येतो. दोन पद्धतींच्या आकड्यांची तुलना करून सेलला नकली ठरवणे अन्यायाचे होईल. एकाच चार्जरच्या त्याच खणात महिन्यामहिन्याने मोजून रोध वाढत चालला आहे का एवढे पाहिले, तर ते साधन उपयोगी आहे.

नकली सेल कसा ओळखावा?

१८६५० आकारात बाजारात सर्रास मिळणारे खरे सेल ३५०० ते ३६०० एमएएचच्या आसपास थांबतात. त्याच आकारावर ९९०० एमएएच छापलेले असेल तर चाचणीचीही गरज नाही, तो सेल घेऊच नये. वजन हा दुसरा सोपा निकष आहे. खरा १८६५० साधारण ४३ ते ४९ ग्रॅम भरतो, आणि ३०-३५ ग्रॅमच भरणाऱ्या सेलमध्ये आतला ऐवजच कमी असतो. असे सेल फोडल्यावर आत लहान सेल आणि उरलेल्या जागेत पावडर भरलेली आढळली आहे. नामांकित कंपनीच्या रंगाची आणि छपाईची नक्कल इतकी हुबेहूब होते की डोळ्यांनी फरक कळेलच असे नाही. तिथे वजन, धन टोकाची ठेवण आणि शेवटी डिस्चार्जचा आलेख यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सेल जुना झाला हे केव्हा मानायचे?

हलक्या भारावरची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की व्हेपमधून काढावा. त्याआधीही, पूर्ण चार्ज करून आठवडाभर बाजूला ठेवलेला सेल ४.२० वरून ४.१५ च्या जवळ येऊन स्थिरावण्याऐवजी रोज थोडा थोडा उतरत राहिला, तर आत कुठेतरी गळती आहे असे समजावे. तो सेल क्षमता चांगली दाखवत असला तरी वापरू नये. दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. त्यात ऋण बाजूचे तांबे विरघळते आणि पुढच्या चार्जमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते.

दोन सेलच्या मॉडमध्ये जोडी नवी असल्यापासून एकत्रच ठेवावी, एकत्रच चार्ज करावी. एक सेल अशक्त झाला की तोच आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली ओढतो.

वेष्टन थोडे फाटले तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. सेलचा सगळा पत्र्याचा डबा ऋण टोक असतो, आणि धन टोकाच्या कडेला तो डबा मिलिमीटरभर अंतरावर येऊन थांबतो. मध्ये असते ती फक्त पातळ इन्सुलेटर चकती आणि वेष्टनाची दुमडलेली कड. ती कड खरवडली की उपकरणाचा संपर्क दोन्हींना एकदम टेकू शकतो. खिशातल्या किल्ल्या किंवा सुटे पैसे अखंड वेष्टनाच्या सेलचीही दोन टोके जोडतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या, माध्यमांत आलेल्या १९५ व्हेप दुर्घटनांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६१ दुर्घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या होत्या. साधी प्लास्टिकची डबी हे टाळू शकते, म्हणून सेलइतकीच ती डबी आवश्यक मानावी.

यासाठी अधिकृत मानके आहेत का?

आहेत. यूएल ८१३९ हे मानक व्हेप उपकरणाची विद्युत, तापन, बॅटरी आणि चार्जिंग व्यवस्था तपासते. वाफ ओढल्याने शरीरावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय नाही. सेलच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२१३३-२ आहे, आणि वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची ३८.३ ही चाचणीमालिका, ज्यात उंचीवरचा कमी दाब, कंपन, धक्का आणि बाह्य शॉर्टसर्किट यांचा समावेश होतो. मात्र मोठे उत्पादक सुटा १८६५० सेल ग्राहकाच्या हाती जावा असे मुळात मानतच नाहीत. संरक्षक सर्किट असलेल्या पॅकचा भाग म्हणूनच ते तो विकतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये असे सुटे सेल वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. सेलवर मानकाची खूण असली तरी तो सुट्या वापरासाठी प्रमाणित आहे, असा अर्थ होत नाही.

भारतात व्हेपवर बंदी असताना इथल्या वाचकाला याचा काय उपयोग?

सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर भारतात बंदी आहे. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. ही माहिती त्या बंदीला वळसा घालण्यासाठी नाही. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या आणि हे उपकरण वापरणाऱ्या मराठी माणसाला ती थेट लागू पडते. इथल्यांना ती सेलमुळे लागू पडते, कारण हेच १८६५० आणि २१७०० सेल टॉर्चमध्ये, पॉवर बँकमध्ये, कॉर्डलेस ड्रिलमध्ये आणि ई-सायकलच्या पॅकमध्ये असतात. आयएस १६०४६ हे भारतीय मानक त्यांना लागू आहे. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून ड्रिलचा पॅक भरणाऱ्या कारागिराने जास्त प्रवाहाचा आलेख पाहिलाच पाहिजे, कारण लॅपटॉपचा सेल त्या भारासाठी बनवलेला नसतो.

यांपैकी कोणती चाचणी घरी करावी?

क्षमता मोजणे, वजन करणे, आठवडाभर ठेवून व्होल्टेज पाहणे, एवढेच. ते करताना सेल लाकडी टेबलावर किंवा गादीवर नको, शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर असावा, आणि आपण त्याच खोलीत असावे. जास्त चार्ज करणे, ठेचणे, तापवणे, मुद्दाम शॉर्ट करणे हे सगळे प्रयोगशाळेचे काम आहे. सेलने वाफ सोडली तर त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असतो. अशा वेळी खिडक्या उघडून बाहेर पडावे. लहान सेल पेटला असेल आणि सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तर भरपूर पाणी ओतून तो थंड करावा. लिथियम-आयन सेलमध्ये धातुरूप लिथियम नसते, त्यामुळे पाण्याने भडका उडेल ही भीती इथे अनाठायी आहे.

डिस्पोजेबल व्हेपमधले सेल पुन्हा वापरता येतात का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हे तपासले. एकदाच वापरून टाकायच्या उपकरणांतले हे सेल शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊ शकतात, असे त्यांना २०२३ मध्ये आढळले. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. असे सेल उपसून वापरण्याचा सल्ला मी देणार नाही. ते काढताना सेलला भोक पडण्याचा धोका असतो, आणि सेलचा उत्पादक किंवा मर्यादा यांचा पत्ता नसतो.

बाद झालेला सेल कुठे टाकावा?

घरच्या कचऱ्यात नको. कचरागाडीत दाबला गेलेला सेल पेट घेतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. केंद्रात नेईपर्यंत असे सेल चांगल्या सेलपासून वेगळ्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवावेत, आणि डब्यावर ‘बाद’ असे ठळक लिहावे, म्हणजे घरातले दुसरे कोणी ते चुकून चार्जरला लावणार नाही.